पाण्याला ५ अंश पुरेत, मग पाइप ३५ वर कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या कारखान्यातून कॅनडात आलेले एक युटिलिटी इंजिनिअर सध्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनजवळच्या एका प्लांटमध्ये आहेत. उघड्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या लाइन (सर्व्हिस वॉटर, कूलिंग टॉवरचं मेकअप म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची भरपाई, फायर वॉटर, सेफ्टी शॉवर) हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून सगळीकडे पाइपला लागून सेल्फ-रेग्युलेटिंग हीटिंग केबल बसवलेली आहे; यालाच हीट ट्रेसिंग म्हणतात. काही सर्किट बारा महिने चालू असतात. बाकीची बाहेरची हवा मोजणाऱ्या थर्मोस्टॅटवर आहेत आणि तो १५ अंशांना लावलेला आहे. विजेचा खर्च कमी करा, असं वरून सांगण्यात आलंय. व्हेंडर म्हणतो, आमची नवी कमी वॉटची केबल टाका. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

व्हेंडरचं कोटेशन आधी बाजूला ठेवा. कमी वॉटची केबल म्हणजे कमी बिल हा हिशेब वरवर पटतो, पण केबलवर छापलेले वॉट एका ठरावीक तापमानाचे असतात. प्रत्यक्षात वीज किती जाते हे पाइप किती गरम ठेवलाय, किती तास ठेवलाय आणि त्याच्या अंगावरचं इन्सुलेशन कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी मला केबल दोषी दिसत नाही.

ही केबल करते काय ते पाहा. तांब्याच्या दोन तारांमध्ये कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा गाभा असतो. गार पडला की तो आकसतो, कार्बनच्या कणांतून विजेला जास्त वाटा मिळतात आणि केबल जास्त तापते. गरम झाला की तो फुगतो, वाटा तुटतात, ताप उतरतो. त्यामुळे ती एकावर एक आली तरी जळत नाही आणि हवी तिथे कापता येते. गुण मोठेच आहेत. पण पाणी ५ अंशांवर आलं, आता पुरे, हे तिला कळत नाही. वीज चालू आहे तोवर ती थोडीफार तापतच राहते, जुलैच्या भर दुपारीसुद्धा.

आता आकडे मांडू. २ इंची स्टीलचा पाइप, वर ५० मिमी मिनरल वूल, त्याच्याखाली १० अंशांना मीटरमागे १६ वॉट देणारी केबल. कोरड्या वूलची उष्णतावाहकता ०.०४ धरली तर पाइप आणि बाहेरची हवा यांच्यातल्या दर अंशामागे मीटरला साधारण ०.२६ वॉट बाहेर जातात. उणे ४० मध्ये पाइप ५ अंशांवर धरायचा तर फरक ४५ अंशांचा, म्हणजे मीटरमागे सुमारे १२ वॉट लागतात. त्यावर थोडं राखीव धरून १६ ची केबल निवडली, ते बरोबरच आहे.

पण उणे ४० किती दिवस असतं? हिवाळ्यातला नेहमीचा दिवस घ्या, बाहेर उणे ६. पाइप ५ अंशांवर ठेवायला मीटरमागे ३ वॉटसुद्धा लागत नाहीत. केबल मात्र चालूच आहे. पाइप तापत जातो, तसा केबलचा जोर कमी होतो आणि साधारण ३३ अंशांच्या आसपास दोघांचं जमतं. तिथे केबल मीटरमागे १० वॉट खात बसलेली असते. पाणी गोठू नये म्हणून ठेवलेली लाइन अंघोळीच्या कोमट पाण्याइतकी गरम झालेली असते, आणि ती उष्णता दिवसरात्र अल्बर्टाच्या हवेत जाते. उन्हाळ्यात बाहेर २० अंश असताना हाच पाइप ४५ च्या वर जातो आणि केबल तरीही मीटरमागे ७ वॉटच्या आसपास घेते.

अशा १०० मीटर लाइनचा वर्षाचा हिशेब करू. ५ अंशांखालचे तास वर्षाला ४,५०० धरतो. हे माझं गृहीतक आहे, तुमच्या जवळच्या हवामान केंद्राच्या तासातासाच्या नोंदी घेऊन खरा आकडा काढा. बारा महिने चालू ठेवलं तर सुमारे ७,५०० युनिट. हवेचा थर्मोस्टॅट ५ अंशांना लावला तर ४,५००. आणि बाहेर जितकी थंडी तितकाच वेळ केबल चालू, असा प्रपोर्शनल कंट्रोलर लावला तर साधारण १,९००. केबल तीच, पाइप तोच, इन्सुलेशनही तेच.

प्रपोर्शनल कंट्रोलर म्हणजे फार काही गूढ नाही. डिझाइनच्या सर्वांत थंड तापमानाला, समजा उणे ४० ला, तो केबल पूर्ण वेळ चालू ठेवतो. हवा ५ अंशांवर आली की पूर्ण बंद. मधल्या तापमानाला त्या प्रमाणात चालू-बंद करत राहतो. उणे ६ ला ४५ पैकी ११ अंश, म्हणजे जेमतेम चोवीस टक्के वेळ. साधा थर्मोस्टॅट अधिक ४ ला आणि उणे ४० ला सारखाच वागतो, आणि इथला बहुतेक हिवाळा या दोन टोकांच्या मधेच जातो. सगळी बचत त्या मधल्या दिवसांत आहे.

मग पाइपलाच सेन्सर चिकटवून पाइपचंच तापमान का मोजू नये? कागदावर त्यात आणखी वीज वाचते. एकसलग, एकाच प्रकारे वाहणाऱ्या लाइनवर जरूर करा. पण प्लांटमधलं एखादं सर्किट खरोखर कसं असतं ते जागेवर जाऊन बघा. मुख्य लाइनमध्ये ८ अंशांचं पाणी वाहतंय. तिथून एक फांदी निघून पंपाच्या सीलकडे जाते आणि तिथला व्हॉल्व्ह बंद आहे. सेन्सर मुख्य लाइनवर. त्याला ८ दिसतं, तो केबल बंद करतो, आणि फांदीतलं साचलेलं पाणी आठवड्याच्या सुट्टीत बर्फ होतं. म्हणून फांद्या आणि डेड लेग (पाणी साचून राहणारी बंद टोकं) असलेल्या पाण्याच्या जाळ्याला मी हवेवर चालणारा प्रपोर्शनल कंट्रोलच सुचवतो. थोडी वीज जास्त गेली तरी चालेल.

हवेचा सेन्सर कुठे आहे तेही डोळ्यांनी पाहून घ्या. दक्षिणेच्या भिंतीवर उन्हात, एक्झॉस्टच्या झोतात किंवा रोलिंग शटरच्या चौकटीला लावलेले सेन्सर मी वारंवार पाहिले आहेत. प्लांटच्या सावलीत, वारा लागेल अशा मोकळ्या जागी तो हवा. शक्य तर दोन लावा, आणि ज्याचं वाचन कमी तेच कंट्रोलर मानेल असं ठेवा. सेन्सर तुटला किंवा त्याची वायर निघाली तर केबल चालू राहिली पाहिजे. ही सेटिंग कंट्रोलरच्या मेनूत असते आणि बरेचदा कुणी उघडूनही पाहिलेली नसते.

आता तुमच्या १५ अंशांकडे येतो. एडमंटनमध्ये जुलैच्या रात्रीही पारा १५ खाली जातो, म्हणजे तुमचा थर्मोस्टॅट तसा बारमाहीच चालू आहे. तो १५ वर कसा गेला असेल याचा अंदाज बांधता येतो, कारण सगळीकडे तसंच होतं. एका कडक थंडीच्या रात्री कुठला तरी व्हॉल्व्ह गोठला. शिफ्टवाल्यांनी टॉर्पेडो हीटर लावून तो सोडवला, सकाळी सेटिंग वाढवलं, आणि पुढे कुणी ते खाली आणलं नाही. गंमत म्हणजे, सेटिंग वाढवून त्या व्हॉल्व्हला काहीच मिळालेलं नसतं. उणे ४० ला केबल तशीही पूर्ण वेळ चालूच होती.

तो व्हॉल्व्ह गोठला कारण तो उघडा होता. वर मांडलेला २ इंची पाइप ५० मिमी इन्सुलेशनमध्ये उणे ४० ला मीटरमागे १२ वॉट घालवतो. तोच पाइप उघडा, वाऱ्यात, मीटरमागे दीडशे ते दोनशे वॉट घालवतो. उघड्या गेट व्हॉल्व्हचंही साधारण तसंच, कारण त्याचं बॉनेट (वरचं झाकण) आणि फ्लँज म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या फुकटच्या फिन. १६ वॉटची केबल तिथे काय पुरणार? मेन्टेनन्सला गॅस्केट बदलताना जॅकेट काढलं जातं आणि बांधायचं राहून जातं. एका उघड्या फ्लँजपायी मग अख्खं सर्किट तापवत बसायचं.

म्हणून सेटिंग खाली आणण्याआधी सप्टेंबरमध्ये सगळ्या लाइन पायी फिरा. व्हॉल्व्ह, फ्लँज, स्ट्रेनर, प्रेशर गेजची टोकं, पाइप सपोर्ट. सपोर्टजवळ इन्सुलेशन कापलेलं असतं आणि स्टीलचा शू थेट उष्णता खेचून नेतो. काढता-घालता येणारी शिवलेली जॅकेट व्हॉल्व्हना घाला. फिटरला ती वायर न कापता दोन मिनिटांत काढता आली तरच तो परत बांधेल. तुमच्या प्लांटमध्ये सगळ्यात लवकर पैसे वसूल होणारं काम बहुधा हेच निघेल.

इन्सुलेशनच्या जाडीबद्दल लोक फार विचारतात. वरच्याच पाइपला २५ मिमी असेल तर उणे ४० ला मीटरमागे जवळपास १९ वॉट जातात, ५० ला १२, ७५ ला ९. पहिल्या २५ वरून ५० वर जाण्यात मजा आहे, त्यापुढे कमी होत जाते. चांगल्या अवस्थेतलं ५० मिमी काढून ७५ घालायला मी सांगणार नाही.

पण ते चांगल्या अवस्थेत आहे का? खरा शत्रू ओल आहे. कोरड्या वूलची वाहकता ०.०४, पाण्याची ०.६, बर्फाची २ च्या वर. म्हणजे भिजलेलं वूल पाइपच्या अंगावर असून नसल्यासारखं. चिल्ड वॉटरच्या लाइनवर काम केलेल्या आपल्याकडच्या माणसाची नजर व्हेपर बॅरियरवर (ओलावा अडवणाऱ्या थरावर) असते, कारण तिथे दमट हवेतला ओलावा आत शिरून गार पाइपवर जमतो. इथे पाणी बाहेरून, वरून येतं. क्लॅडिंगवर (इन्सुलेशनवरच्या पत्र्यावर) बर्फ पडतो, आतल्या गळणाऱ्या उष्णतेने वितळतो आणि अॅल्युमिनियमच्या शिवणीतून आत उतरतो. शिवण वरच्या बाजूला ठेवलेली असली की संपलंच. सेन्सरची किंवा केबलची कंड्युइट जिथून आत जाते तिथलं सीलंट दोन-चार हिवाळ्यांत तडकतं, तिथूनही पाणी जातं.

आणि इथेच सेल्फ-रेग्युलेटिंग केबल तुम्हाला फसवते. इन्सुलेशन भिजलं, पाइप गार पडला, केबलने जोर वाढवला. पाणी गोठलं नाही, अलार्म आला नाही, सगळे खूश. बिलात तेवढं वाढलं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सर्किटचा करंट. नवा कंट्रोलर असेल तर तो नोंद ठेवतोच. नसेल तर क्लॅम्प मीटर घ्या, सर्किट चालू करून स्थिर झालं की वाचन घ्या आणि त्याच्यासोबत त्या वेळचं बाहेरचं तापमान लिहा. पुढच्या वर्षी त्याच तापमानाला तेच सर्किट पंधरा-वीस टक्के जास्त खेचत असेल तर त्या लाइनवर कुठेतरी पाणी शिरलंय असं समजून शोधायला लागा. उलट वाचन खाली आलं असेल तर केबलचा एखादा तुकडा मेलेला असू शकतो. ती बचत नव्हे, जानेवारीत फुटणारी लाइन आहे.

शोधायचं कसं? थर्मल कॅमेरा आणाल तर एक लक्षात ठेवा. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता दाखवत नाही, आजूबाजूच्या गोष्टींचं प्रतिबिंब दाखवतं. कॅमेऱ्यात आकाश दिसतं आणि माणूस म्हणतो, वा, लाइन किती गार आहे. मोजायच्या जागी काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा, मग वाचा. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे हलका बर्फ पडून गेल्यावर, वारा नसताना, सकाळी पाइप रॅकखालून चालत जाणं. सगळ्या क्लॅडिंगवर पांढरी पट्टी असते आणि मधेच हातभर जागा काळी, ओली दिसते, खाली कोपराला बर्फाची सुळी लटकलेली. तिथे खडूने खूण करा. कॅमेरेवाल्या कंपनीचा अहवाल यायच्या आधी तुमची अर्धी यादी तयार झालेली असते.

ज्या लाइनला उष्णताच नको, तिच्यावर मात्र यापेक्षा जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे. इन्सुलेशन गोठणं थांबवत नाही, लांबवतं. २ इंची भरलेल्या पाइपमधलं थांबलेलं पाणी बाहेर उणे ३० असताना, ५० मिमी इन्सुलेशनमध्ये, ५ वरून ० वर यायला सुमारे दोन तास घेतं. तिथून पुढे पूर्ण बर्फ व्हायला दिवसाहून जास्त लागतो, कारण किलोमागे ३३४ किलोज्यूल बाहेर गेल्याशिवाय पाणी पूर्ण गोठत नाही. पण पूर्ण गोठायची वाट पाहायची गरजच नसते. बर्फाचा बोळा एका जागी धरला, पलीकडे बंद व्हॉल्व्ह असला की मधलं पाणी कोंडतं. बर्फ होताना आकारमान नऊ टक्के वाढतं, त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब चढतो आणि पाइप भलत्याच ठिकाणी फुटतो.

आता तोच हिशेब १० इंची लाइनला लावा. थांबलेलं पाणी ५ वरून ० वर यायलाच बारा तासांच्या वर लागतात. आणि पाणी वाहतं असेल तर? सेकंदाला फक्त एक लिटर, ८ अंशांनी आत येणारं, २०० मीटर लाइन, बाहेर उणे ३०. दुसऱ्या टोकाला ते साडेसहाच्या आसपास निघतं. तिला ट्रेसिंग कशाला? अशा लाइनला फ्लो थांबल्याचा अलार्म आणि चार-सहा तासांत ती रिकामी करता येईल अशी व्यवस्था द्या, केबल बंद ठेवा. मेकअपच्या मोठ्या लाइन तुमच्याकडे याच गटात येतील असं वाटतं. टाकीकडे परत जाणारा छोटा बायपास ठेवून पाणी फिरतं ठेवता येत असेल तर उत्तम. नळ थोडा सोडून पाणी गटारात वाहतं ठेवणं मात्र नको. त्यात पाणी जातं, आणि ते जिथे सांडतं तिथे घसरून पडण्याजोगा बर्फाचा ढिगारा होतो.

फक्त उन्हाळ्यात लागणाऱ्या सर्व्हिस वॉटरच्या फांद्या ऑक्टोबरमध्ये सरळ रिकाम्या करा, हवेने फुंका, ब्लाइंड (लाइन बंद करणारी चकती) टाका. लो पॉइंटला ड्रेन नसेल तर शटडाउनमध्ये बसवून घ्या. एका ड्रेन व्हॉल्व्हने एक सर्किट कायमचं बंद होतं. नवी लाइन टाकायची वेळ आली तर ती जमिनीखालून, इकडच्या दंवरेषेच्या खाली, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास नेता येते का ते आधी विचारा.

स्टीम ट्रेसिंग, म्हणजे केबलऐवजी वाफेने पाइप तापवणं, तुमच्याकडे नसावं असं धरतो. असेल तर ते आधी बघा, कारण १५० अंशांच्या वाफेने पाणी ५ वर ठेवणं म्हणजे अतिच, आणि बिघडलेले ट्रॅप (पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारे व्हॉल्व्ह) तर वाफ सरळ हवेत सोडतात.

बिलाची दुसरी बाजू मागणी आकाराची, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचली त्यावरच्या आकाराची. कंट्रोल बदलून युनिट कमी होतात, पण सर्वांत थंड रात्री केबल पूर्ण वेळ चालूच असते, त्यामुळे कमाल मागणी तेवढीच राहते. ती खाली आणायला इन्सुलेशन, जॅकेट आणि सर्किट कमी करणं हेच उपाय. १३ जानेवारी २०२४ ची रात्र इथल्या लोकांना विचारा. पारा उणे ४० च्या खाली, विजेचा साठा काठावर, आणि अल्बर्टाभर फोनवर वीज कमी वापरण्याचा तातडीचा संदेश आला. काही मिनिटांत मागणी सुमारे २०० मेगावॅटने उतरली. त्या रात्री कुणालाही हीट ट्रेसिंग बंद करता येत नव्हतं. शिवाय गार पडलेली केबल चालू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त करंट खेचते. वीज जाऊन आल्यावर सगळी पॅनेल एकदम चालू झाली तर मागणीचा शेंडा तिथेच बसतो, कधी ब्रेकरही पडतात. कंट्रोलरमध्ये सर्किट टप्प्याटप्प्याने चालू करण्याची सोय असते, ती वापरा.

दोन ठिकाणी हात आखडता घ्या. फायर वॉटरला इमारतीतल्या भरलेल्या स्प्रिंकलर लाइनसाठी एनएफपीए १३ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकात किमान ४ अंश सांगितले आहेत, आणि तुमच्या विमा कंपनीची स्वतःची अट असेल. त्यांना लेखी विचारल्याशिवाय तिथलं काही बदलू नका. दुसरं ठिकाण सेफ्टी शॉवर. तिथे गोठू न देणं एवढंच पुरत नाही. एएनएसआय झेड३५८.१ या सेफ्टी शॉवरच्या अमेरिकी मानकाप्रमाणे पाणी १६ ते ३८ अंशांत हवं, म्हणजे ती लाइन ५ अंशांच्या गटात टाकताच येणार नाही. तिला पाइपवरचा सेन्सर आणि वरची मर्यादा, दोन्ही हवं. आज ती बिनकंट्रोल बारा महिने चालू असेल तर उन्हाळ्यात ३८ च्या वर जात असणार, ते आधी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या साचलेल्या फांद्याही बघा. ३०-३५ अंशांचं थांबलेलं पाणी लिजिओनेलाला (न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूला) मानवतं. हे कारण मॅनेजरपुढे ठेवलंत तर विजेच्या मुद्द्यापेक्षा लवकर मंजुरी मिळेल.

आणि ३० मिलिअँपचं ग्राउंड फॉल्ट संरक्षण (वीज जमिनीकडे गळली की सर्किट तोडणारं) 'सारखं ट्रिप होतं' म्हणून कुणी काढून साधा ब्रेकर लावला असेल, तर ते या सगळ्याच्या आधी दुरुस्त करा. ट्रिप होतं कारण केबलच्या एखाद्या टोकात किंवा जोडात पाणी गेलेलं असतं. मेगर (केबलच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) लावा, २,५०० व्होल्टला, आणि जोड शोधा.

या हिवाळ्यात पैसे नसतील तरी काही करता येतं. उघडे व्हॉल्व्ह झाका, मग थर्मोस्टॅट १५ वरून ५ वर आणा. एकदम सगळे नको. आधी कमी जोखमीचं एक पॅनेल घ्या आणि पहिल्या कडक थंडीत रात्रपाळीला त्या लाइनच्या टोकांची तापमानं घ्यायला सांगा. बारमाही सर्किटांवर एप्रिलअखेर ब्रेकर बंद करून लॉक लावा आणि सप्टेंबरमध्ये काढा. तो लॉक काढण्याची जबाबदारी कुणाची ते नावानिशी लिहून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत तुमच्याच नावाने ओरड होईल.

व्हेंडरकडून कोटेशन हवंच असेल तर केबलचं मागू नका. सध्याच्या पॅनेलमध्ये बसणारे प्रपोर्शनल कंट्रोलर, प्रत्येक सर्किटचा करंट आणि ग्राउंड फॉल्ट नोंदवणारे, सेन्सर तुटल्यास चालू राहणारे, कमी तापमानाचा अलार्म कंट्रोल रूमला देणारे, अशी मागणी लिहा. सोबत व्हॉल्व्ह जॅकेटचा नगावर दर मागा, व्हॉल्व्हच्या आकारासह. आणि त्याने वाचवलेल्या युनिटांचा आकडा दिला तर तो आकडा पाइप किती अंशांवर धरून काढलाय, ते विचारा.